दोन दिवसांच्या नृत्यमहोत्सवात काय निवडावं आणि कसं नाचावं

प्रश्न थोडक्यात असा: वय 45, नाच कधी रीतसर शिकलेला नाही, गरबा थोडाफार येतो. शनिवार-रविवार असा लोकनृत्यांचा आणि जगभरच्या नृत्यप्रकारांचा महोत्सव आहे. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी कार्यशाळा आणि रात्री सगळ्यांसाठी खुला नाच. सगळ्याची थोडी थोडी चव घ्यावी की एकदोन प्रकार धरून राहावं? सोबत जोडीदार नाही, गुडघा मधूनमधून कुरकुरतो आणि आपल्यामुळे रांग बिघडेल ही धास्ती आहे.

मी लोकनृत्यं शिकवते आणि अशा महोत्सवांत नवख्या लोकांचे वर्ग नेहमी घेते. आधी निवडीचं बोलते, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावरच ठरतं.

पत्रिका हातात आली की बहुतेक जण देशांच्या नावांवर खुणा करत सुटतात. सकाळी फ्लामेंको, मग आयरिश, मग हवाईचा हुला, दुपारी भांगडा, संध्याकाळी साल्सा. दिवस संपतो तेव्हा प्रत्येक नाचाची पहिली दहा मिनिटं अंगात असतात आणि एकही नाच खऱ्या अर्थाने नाचून झालेला नसतो. तुम्ही देश बाजूला ठेवा. प्रत्येक नावापुढे एवढंच पाहा, की हा नाच एकमेकांबरोबर नाचायला घडलाय की कुणासमोर सादर करायला. दोन्ही मोलाचे आहेत, पण तासाभराच्या वर्गात नवख्या माणसाच्या पदरात पडणारं फार वेगळं असतं.

लग्नात, जत्रेत, गावच्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या नाचले गेलेले फेर आणि रांगा मुळातच नवख्याला सामावून घेतील अशा बेताच्या असतात. पदन्यास आखूड आणि पुन्हा पुन्हा तोच. दोन्ही बाजूंचे हात धरलेले. एक पाऊल चुकलं तर पुढच्या आवर्तनात गाडी रुळावर आणता येते. तिथे आजीही असते आणि आठ वर्षांचं पोरही असतं, त्यामुळे नाच दोघांना झेपेल असाच राहिलेला असतो. रंगमंचावरच्या लोकनृत्याचं तसं नाही. सोव्हिएत नृत्यरचनाकार इगोर मोइसेयेव यांनी 1937 मध्ये मॉस्कोत आपला नृत्यसंच उभा केला आणि पुढे कितीतरी देशांत त्या धर्तीचे संच निघाले. त्यातल्या उंच उड्या आणि उकिडवं बसून पाय फेकणं हे रोज सराव करणाऱ्या नर्तकांचं काम आहे. ते बघायला मिळालं तर जरूर बघा, डोळ्यांचं पारणं फिटतं. शिकायला मात्र पहिल्याच दिवशी तिकडे जाऊ नका.

हाच फरक मनावर घेऊन हंगेरीत एक मोठी चळवळ उभी राहिली. लोकनृत्य तोवर संचांच्या प्रयोगांत अडकलं होतं. 1972 मध्ये बुडापेस्टच्या तरुण नर्तक-वादकांनी ठरवलं, की रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात, सेकसारख्या हंगेरियन गावात लोक नाचतात तसं आपणही नाचायचं: समोर प्रेक्षक नकोत, संगीत प्रत्यक्ष वाजवलेलं हवं, आणि येईल त्याने नाचात उतरावं. यालाच ‘तान्त्सहाझ’ म्हणजे नृत्यघर म्हणतात. वारसा जपण्याच्या उत्तम पद्धतींच्या यादीत युनेस्कोने 2011 मध्ये त्याचा समावेश केला. आधी शिकवणी आणि मग त्याच नाचाची मोकळी मैफल हा तिथला क्रम तुमच्या महोत्सवातही असणार आहे, आणि माझ्या सगळ्या सल्ल्याचं मूळ त्यातच आहे. दिवसा जे शिकाल त्याच्या रात्रीच्या नाचाला जा. एखाद्या प्रकाराचा वर्ग आहे पण रात्री तो नाचलाच जाणार नाही, असं दिसलं तर तो सरळ मागे टाका. वर्गात पावलं कळतात. नाच कळायला तीच पावलं अनोळखी लोकांच्या मध्ये, न थांबणाऱ्या वाद्यांवर, सलग दहा मिनिटं टाकावी लागतात.

म्हणून शनिवारचा पहिला वर्ग फेराचा किंवा रांगेचा घ्या. बल्गेरियाचा होरो, सर्बियाचा कोलो, रोमानियाचा होरा, ग्रीसचा सिर्तोस, फ्रान्समधल्या ब्रिटनीचा आन द्रो, पॅलेस्टाइन-लेबनॉनकडचा दबके, यांपैकी पत्रिकेत जो असेल तो. यातल्या कशालाही जोडीदार लागत नाही. गरबा येत असेल तर वर्तुळातलं अंतर राखणं आणि पुढच्याच्या चालीशी चाल जुळवणं तुम्हाला आधीच जमतं. नवं एवढंच, की इथे हात गुंतलेले असतात.

या वर्गात एकच गोष्ट मन लावून शिका: शरीराचा भार कोणत्या पायावर आहे आणि मोकळा पाय कोणता. नवखी मंडळी पावलं पाठ करतात, ‘उजवा, डावा, उजवा, उचल’ असं मनात घोकत राहतात आणि तिसऱ्या आवर्तनाला उलट्या पायावर सापडतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. शिक्षिकेने पाय नुसता टेकवलेला असतो, भार न देता. तुम्ही त्याच्यावर उभ्या राहता. आता जो पाय मोकळा हवा तो अडकलेला आणि जो अडकलेला हवा तो मोकळा. बाल्कनमधल्या, म्हणजे आग्नेय युरोपातल्या, अगदी साध्या फेराचा पाया बघा, सहा काउंटचा: उजवा बाजूला, डावा ओलांडून, उजवा बाजूला, डावा नुसता उचल, डावा बाजूला, उजवा नुसता उचल. सहा काउंटांत भार चारच वेळा बदलतो, दोन काउंट मोकळ्या पायाचे. या दोन ठिकाणी पाय जमिनीला लागला तरी चालेल, पण अंग त्याच्यावर टाकायचं नाही. हे एकदा बसलं की अर्ध्या बाल्कनचा दरवाजा उघडला म्हणून समजा. फॅरो बेटांवरचे लोक वाद्यांशिवाय, नुसत्या गायलेल्या लांबलचक कथागीतांवर जो साखळीनाच करतात, त्याचाही पाय सहा काउंटचाच, फक्त डावीकडे जाणारा.

शिक्षिकेच्या पायांकडे बघताना तिचं पाऊल कुठे पडतं हे शोधू नका, तिचं कंबरेखालचं अंग कोणत्या बाजूला झुकतं ते बघा. भार तिथे दिसतो, पावलात दिसत नाही. कार्यशाळेत कुणी अडखळलं की मी पाऊल दुरुस्त करायला जात नाही, ‘आत्ता मोकळा पाय कोणता?’ एवढंच विचारते. प्रश्न कानावर पडताच माणूस खाली न बघता तो पाय हलवून पाहतो आणि पुढचं बहुतेक वेळा आपोआप जुळतं. हा प्रश्न तुम्ही स्वतःला दोन दिवस विचारत राहिलात तरी पुष्कळ झालं.

आणखी एक खुबी रिंगणातली. नजर साहजिक समोरच्या माणसाकडे जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. सगळं रिंगण उजवीकडे सरकतं तेव्हा तुमच्या समोरची मंडळी तुम्हाला डावीकडे जाताना दिसतात. त्यांचं बघून केलं तर दिशा चुकणारच. आपल्याच बाजूची, दोन-तीन जागा सोडून उभी असलेली जाणती व्यक्ती हेरा आणि तिच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून लक्ष ठेवा. अगदी शेजारची नको, तिच्याकडे मान वळवावी लागते आणि मान वळली की अंगही वळतं.

हातांबद्दल. शेजाऱ्याच्या हातात आपला हात लोंबू देऊ नये, आपल्या हाताचं वजन आपणच पेलायचं. हात खाली असतील, खांद्याच्या पातळीवर कोपरात वाकवलेले असतील, खांद्यांवर असतील किंवा शेजाऱ्याच्या पट्ट्यात अडकवलेले असतील, सगळीकडे हेच. ब्रिटनीच्या आन द्रोमध्ये तर फक्त करंगळ्या गुंतवतात आणि सगळी रांग हात गोल फिरवत डावीकडे सरकते. तिथे एकाने हात ओढला की पाच-सहा जणांपर्यंत कळ जाते. अंगठ्या घरी ठेवून जा.

रांगेत शिरण्याचे संकेत असतात. ते कुणी फळ्यावर लिहीत नाही, पण पाळले की तुम्हाला पटकन आपलं मानतात. बाल्कनमध्ये आणि ग्रीसमध्ये रांगेचा म्होरक्या बहुधा उजव्या टोकाला असतो. त्याच्या पुढे जाऊन हात धरायचा नाही. शेपटीला जोडून घ्यायचं. ग्रीक सिर्तोसमध्ये म्होरक्या रुमाल धरून गिरक्या घेतो, उड्या मारतो, आणि दुसऱ्या जागेवरची व्यक्ती रुमालाचं दुसरं टोक घट्ट धरून त्याला आधार देते. ती जागा कसलेल्या माणसाची असते, कुणी हात पुढे केला तरी पहिल्या दिवशी तिथे उभं राहू नये. पावलं अजून कळलेली नसतील तर रांगेच्या मागे, थोडं अंतर ठेवून, एकटीने करून बघा. यात कुणालाही वावगं वाटत नाही, बरेच जुने लोकही नवा नाच असाच उचलतात. दोन-तीन आवर्तनं जुळली की शेवटी जाऊन हात धरा.

तुमच्यामुळे रांग बिघडण्याची धास्ती इथेच मिटावी. रांग बिघडते ती चुकणाऱ्यामुळे फारच क्वचित. चुकल्यावर मध्येच थांबणाऱ्यामुळे, किंवा मागे वळून बघणाऱ्यामुळे ती तुटते. पाय चुकला तर चुकू द्या, रांग ज्या दिशेला आणि ज्या वेगाने चालली आहे तिकडे चालत राहा. नुसतं तालात चालणाऱ्या माणसाला कोणतीही रांग वाहून नेते.

आता तालाचं. बाल्कनच्या वर्गात शिरलात की सात, नऊ, अकरा असे आकडे कानावर पडतील आणि पुष्कळ लोक तिथेच धसका घेतात. मराठी माणसाने धसका घ्यायचं काहीच कारण नाही, आपल्या कानाला सम-विषम दोन्ही ओळखीचे आहेत. ग्रीसचा कलामातियानोस सात मात्रांचा, विभागणी तीन-दोन-दोन. आपल्या रूपक तालाची विभागणीही तीच. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ मनात धरा आणि प्रत्येक विभागाला एक पाऊल टाका: पहिलं पाऊल लांब, पुढची दोन आखूड. झालं. (रूपकात पहिली मात्रा ‘खाली’ म्हणजे बिनजोराची असते आणि ग्रीक नाचात पहिलं पाऊल ठसठशीत पडतं, एवढा फरक ध्यानात ठेवा.) बल्गेरियाचा राचेनित्सा याच सात मात्रांचा, पण दोन-दोन-तीन असा, म्हणजे लांब पाऊल शेवटी. पायदुश्को पाचाचा, दोन-तीन. त्यात सारखं लंगडल्याचा भास होतो आणि त्याची गोडी त्यातच आहे. कोपानित्सा अकरांचा, दोन-दोन-तीन-दोन-दोन, लांब पाऊल बरोबर मधोमध.

यात मात्रा मोजत बसू नका. एक ते अकरा मोजणारे डोकं वापरत राहतात आणि पाय मागे पडतात. लांब पाऊल कुठे येतं तेवढं ऐका, त्याला गुडघ्यातून किंचित खाली जा, बाकीची पावलं हलकी टाका. संगीत सुरू झाल्यावर पहिलं आवर्तन नुसतं उभं राहून गुडघ्यांनी ऐकलं तरी चालतं. माझ्या मते नवख्या माणसाला अशा महोत्सवातून मिळणारी सगळ्यांत मोठी ठेव ही असमान पावलांची चाल आहे. ती अंगात गेली की नंतर साधं चालतानाही ताल ऐकू येऊ लागतो. म्हणून तुम्हाला एकच ‘अवघड’ वाटणारा वर्ग घ्यायचा असेल तर तो राचेनित्साचा किंवा कलामातियानोसचा घ्या.

जाता जाता: पत्रिकेत ग्रीसचा सिर्ताकी दिसला तर जरूर नाचा, मजा येते. फक्त तो प्राचीन आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो 1964 च्या एका चित्रपटासाठी हासापिको या जुन्या ग्रीक नाचाच्या पावलांवरून रचला गेला.

जोडीदार नसण्याचा मुद्दा. रांगा-फेरांत तो येतच नाही, आणि जोडीच्या नाचांतही तुम्हाला वाटतं तितका येत नाही. यासाठी शनिवारी दुपारी अमेरिकेतला काँट्रा, आयर्लंड-स्कॉटलंडकडचा केली किंवा तत्सम प्रकाराचा वर्ग घ्या, जिथे कॉलर असतो. कॉलर म्हणजे माइकवरून पुढची आकृती आगाऊ पुकारणारी व्यक्ती. वाद्यं सुरू होण्यापूर्वी ती सगळा नाच एकदा चालवून घेते. काँट्रामध्ये जोड्या दोन लांब रांगांत समोरासमोर उभ्या राहतात आणि प्रत्येक आवर्तनानंतर एक जागा पुढे सरकतात, त्यामुळे दर आवर्तनाला शेजारची जोडी नवी मिळते. एका नाचात तुमचा हात दहा-पंधरा जणांच्या हातात जातो आणि त्यांतले निम्मे तरी जाणते असतात. ते तुम्हाला ढकलत नाहीत, योग्य जागी हात पुढे करून थांबतात. हाताच्या दिशेने गेलं की झालं. धून साधारण 64 पावलांची असते, 16-16 च्या चार भागांची, आणि आकृत्या त्या भागांवर बेतलेल्या असतात. कॉलर काही आवर्तनांनंतर गप्प होतो तेव्हा लोक भांबावतात; तेव्हा धून ऐका, चाल बदलली की आकृती बदलते.

काँट्रातली खरी मौज ‘स्विंग’मध्ये आहे, म्हणजे जोडीने जागच्या जागी फिरण्यात. ज्यांनी फुगडी घातली आहे त्यांना हे पटकन उमगतं: दोघींनी किंचित मागे रेलायचं, हात सैल पडू द्यायचे नाहीत आणि एकमेकींच्या वजनावर फिरायचं. फक्त इथे धरण्याची पद्धत वेगळी, एक हात समोरच्याच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यापाशी. उजवी पावलं मध्ये जवळजवळ ठेवा, डाव्या पायाने जमीन मागे ढकलत राहा. समोरच्याला मिठीत खेचलंत किंवा नुसत्या हातांनी ओढलंत तर दोघांचे खांदे दुखतात. भोवळ येऊ नये म्हणून खोली बघू नका, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. थेट डोळ्यांत बघणं अवघड वाटलं तर कानाकडे किंवा भुवईकडे बघा. भोवळ आलीच तर ‘जरा हळू’ म्हणा आणि फिरण्याऐवजी चालत गोल काढा. हे मागून घेणं अगदी रीतीचं आहे.

भूमिकांबद्दल एक सांगून ठेवते. बऱ्याच ठिकाणी आता कॉलर पुरुष-स्त्री असं न म्हणता दोन भूमिकांना पक्ष्यांची नावं देतात, चंडोल (लार्क) आणि रॉबिन. कोणीही कोणतीही भूमिका घेऊ शकतं. दिवसभर एकच भूमिका ठेवा, निदान पहिल्या दिवशी. आलटून पालटून केलं तर डावं-उजवं पक्कं होत नाही. नाचायला तुम्हीच कुणालाही विचारा, वाट बघत भिंतीशी उभ्या राहू नका. कुणी नकार दिला तर कारण विचारायचं नाही, आणि तुम्हाला नको असेल तर ‘नको, धन्यवाद’ एवढं पुरे आहे. पकड फार घट्ट वाटली, अंतर कमी वाटलं तर नाच चालू असतानाही सांगता येतं, आणि मध्येच सोडून जाण्याचाही हक्क आहे. चांगल्या महोत्सवात अशा तक्रारीसाठी ठरलेली माणसं असतात, त्यांचं तोंड आधीच ओळखून ठेवा.

टँगो, साल्सा, बाचाता, लिंडी हॉप हे जोडीचे नाच तासाभरात फक्त तोंडओळख देतात. त्यातला टँगोचा नवशिक्यांचा वर्ग मी तरीही सुचवीन, कारण चांगला शिक्षक तिथे तासभर केवळ चालायला शिकवतो, आणि भार बदलण्याचं सकाळचं शिक्षण तिथे पक्कं होतं. रात्रीच्या मिलोंगाला, म्हणजे टँगोच्या खुल्या नाचाला, जाणार असाल तर रीत माहीत असू द्या. आमंत्रण नजरेनेच दिलं-घेतलं जातं, जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तीन-चार गाण्यांचा एक संच संपेपर्यंत जोडी तीच राहते. मध्येच ‘धन्यवाद’ म्हटलं तर ‘आता पुरे’ असा अर्थ होतो, म्हणून पहिल्या गाण्यानंतर सौजन्य म्हणून तो शब्द बोलून जाऊ नका.

एकट्याने करायच्या प्रकारांपैकी एक निवडा, जास्त नको. गिनी किंवा मालीच्या नृत्याचा वर्ग प्रत्यक्ष वाजणाऱ्या ढोलांवर असेल तर तोच घ्या. जेम्बे (हातांनी वाजवायचा ढोल) वाजवणारा एक ठरलेला तुकडा वाजवतो आणि तो ऐकताच सगळ्यांनी पाऊल बदलायचं असतं. शिक्षक तोंडाने काही सांगत नाही. ढोलाकडून सूचना घेण्याचा हा अनुभव दुसरीकडे सहसा मिळत नाही. गुडघे सैल, पाठ किंचित पुढे, बहुधा अनवाणी. वर्ग संपल्यावर वादकांसमोर जाऊन आभार मानण्याची पद्धत आहे, ती पाळा. फ्लामेंकोचा वर्ग असेल तर पायांचा ठोका एका तासात येणार नाही याची खूणगाठ बांधा आणि टाळ्यांवर लक्ष द्या. फ्लामेंकोतल्या बुलेरिया या प्रकाराचं बारा काउंटचं आवर्तन 12, 3, 6, 8, 10 अशा आघातांवर चालतं. एवढं हातात बसलं तर पुढे फ्लामेंको बघण्याची नजरच बदलते. भांगडा आणि आयरिश स्टेप मात्र तुमच्या गुडघ्याला मी पहिल्या दिवशी सांगणार नाही, दोन्हींत उडी मुळातच आहे.

काही नाच पूजेचा किंवा वंशपरंपरेचा भाग असतात. मेवलेवी या सूफी पंथाचा सेमा, म्हणजे गिरक्यांचा नाच, ही उपासना आहे, हुलाच्या गुरुपरंपरेत नाचायला परवानगी मागण्याचे मंत्र आहेत. अशा सत्रांत शिक्षक काय शिकायला देतो आणि काय फक्त बघायला देतो ते नीट ऐका, विचारल्याशिवाय चित्रण करू नका. त्या लोकांचा पोशाख घालून जाण्याची गरज नसते.

आता गुडघा. अशा महोत्सवांत गुडघे दुखावतात ते बहुधा बुटांमुळे. धावायच्या बुटांचा रबरी तळ जमीन पकडून ठेवतो. गिरकीत अंग वळतं, पाऊल जागच्या जागी राहतं आणि पीळ गुडघ्यात जातो. त्यामुळे जोडीच्या नाचांना गुळगुळीत, पण निसरडा नसलेला तळ हवा. चामड्याचा तळ उत्तम. घरीच तपासा: बूट घालून चवड्यावर उभ्या राहा आणि पाव गिरकी घ्या. पाऊल सहज फिरलं तर ठीक, चरचर अडकलं तर ते बूट फक्त रांगेच्या नाचांना आणि हिरवळीवर वापरा. पायमोज्यांवर लाकडी जमिनीवर नाचू नका. जमीन काँक्रीटची असेल तर उड्यांचा प्रत्येक नाच चालत करा. रांगेच्या नाचात उडीच्या जागी गुडघ्यातून हलका हेलकावा दिला तरी ताल तोच राहतो. गावोगावचे म्हातारे लोक असेच नाचतात आणि त्यांचा नाच बघण्यासारखा असतो. उंच उचलण्यापेक्षा पावलं लहान ठेवणं जास्त उपयोगाचं. दमलेली, मंद कळ चालेल. टोचल्यासारखी दुखली, सूज आली किंवा गुडघा अडकल्यासारखा झाला तर तिथेच थांबा. सध्या सूज असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरा त्रास पोटऱ्यांचा. न सवयीच्या श्रमाचा ठणका लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत वाढतो. शनिवारी रात्री अंग हलकं वाटतं म्हणून बारापर्यंत नाचलात तर रविवारी सकाळी जिना उतरताना कळेल. सकाळी पाच-दहा मिनिटं जलद चाला, चवड्यांवर वर-खाली व्हा, घोटे फिरवा. पाणी वर्गांच्या मध्येमध्ये प्या. बदलायला दोन-तीन सुती सदरे आणि छोटा टॉवेल ठेवा. हात हातात घेऊन नाचायचं असतं तिथे घामाची काळजी घेणं हे सौजन्य आहे. उग्र अत्तर नको, जवळ नाचणाऱ्यांना त्याने डोकं धरतं.

तुमच्या जागी मी दिवस असा आखीन. शनिवारी सकाळी फेर किंवा रांग, दुपारी कॉलरवाला नाच, मग दीड-दोन तास नुसतं बसून इतरांचं बघणं, रात्री या दोन्हींच्या नाचाला हजेरी आणि उशीर होण्याआधी झोप. रविवारी सकाळी पुन्हा फेरांचाच वर्ग, शक्यतो त्याच शिक्षकाचा. हा दुसरा वर्ग लोक टाळतात, ‘ते तर कालच झालं’ म्हणतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पहिल्या दिवशी पायांकडे लक्ष होतं, दुसऱ्या दिवशी पाय आपले चालतात आणि पहिल्यांदा संगीत ऐकू येतं, शेजारच्याचा चेहरा दिसतो. दुपारी एकट्याने करायचा एखादा नवा प्रकार. शेवटचं सत्र रिकामं ठेवा. तोवर कुणीतरी ओळखीचं झालेलं असतं आणि ते ज्याचं नाव घेतील तिथे जा.

वर्गाला वेळेवर पोचा. पहिल्या दहा मिनिटांत पाया सांगितला जातो आणि नंतर आलेल्यांसाठी कोणी तो परत सांगत नाही. पत्रिकेत ‘मध्यम’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘पाया येतो असं धरलं आहे’ एवढाच असतो. शिक्षकाला आधी विचारा. तो ‘या’ म्हणाला तर मागच्या बाजूला उभ्या राहा.

वर्ग चालू असताना फोन खिशात. पडद्यातून बघितलेलं अंगात उतरत नाही. बरेच शिक्षक शेवटी सगळा नाच एकदा करून दाखवतात, तो त्यांच्या परवानगीने टिपून घ्या. त्याहून महत्त्वाचं, दारातून बाहेर पडल्या पडल्या चार ओळी लिहा: नाचाचं नाव, प्रदेश, मात्रा, दिशा आणि पावलं तुमच्या स्वतःच्या शब्दांत. ‘ग्रीक नाच, छान होता’ एवढ्यावरून महिन्याभराने काहीच हाती लागत नाही. ‘कलामातियानोस, 7 मात्रा, लांब-आखूड-आखूड, 12 पावलं, उजवीकडे’ असं लिहिलंत तर धून शोधून घरच्या घरी पुन्हा पाय टाकता येतील, आणि शिक्षकाला जाता जाता विचारून घ्या की याच्या पुढे कोणता नाच शिकावा.